नवव्या खांबावरची रेघ

वेमुलरेवूच्या पुलाला सत्तावीस गाळे होते आणि अच्चायम्मा ते घरात बसून मोजायची. पलीकडच्या काठावरून गाडी पुलावर चढली की तिच्या हातातलं काम थांबायचं नाही, पण कान तिकडे असायचे. प्रत्येक खांबावर गाडीचा सूर किंचित बदलतो. इतरांना तो सगळा एकच खडखडाट वाटायचा. अच्चायम्माला मात्र जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाची पावलं ऐकू यावीत तसा एकेक खांब वेगळा ऐकू यायचा.

"मेल कुठवर आली, अत्तय्या?" सून विचारायची.

चुलीतलं लाकूड मागे ओढत अच्चायम्मा म्हणायची, "तेरावा ओलांडला. भात उतरव, तुझा नवरा येईलच."

तिचा मुलगा गवरराजू पुलाच्या गँगचा मिस्त्री होता. त्याच्याआधी त्याचा बाप पोलय्या मिस्त्री होता. गोदावरीच्या काठावरच्या रेल्वेच्या चाळीतल्या दोन खोल्या जशा बापाकडून मुलाकडे आल्या, तशीच हातोडी आली, पान्ह्यांची पेटी आली आणि पुलाची काळजीही आली. त्या काळी त्या चाळीत पूल हा घरातल्या थोर माणसासारखा होता. त्याचं दुखणंखुपणं सगळ्यांना ठाऊक. कुठल्या कैचीला गंज धरलाय, कुठल्या गाळ्यातले रिव्हेट सैल वाजायला लागलेत, हे बायका नळावर हंडे लावून बोलायच्या.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात, भर दुपारी, त्या पुलानं पहिल्यांदा बार काढला.

पुलावर तेव्हा गाडी नव्हती. नदी आटून वाळूवर आली होती आणि गँग आठव्या खांबाच्या सावलीत जेवायला बसली होती. तोफ डागावी तसा आवाज झाला. सत्तावीस गाळ्यांतली कबुतरं एकदम उठली. गँगमधल्या येसुरत्नमच्या हातातला घास वाळूत पडला. गवरराजू उष्ट्या हातानंच वाळूतून जाणारी शिडी चढून वर गेला, तेव्हा नवव्या खांबाच्या माथ्यावरचा, गाळ्याचं सगळं वजन पेलणारा घडीव दगड त्याला तडकलेला दिसला. नख शिरेल एवढी भेग होती. गुरुवारी दुपारी पुन्हा बार झाला, आणि भेगेत बोट शिरायला लागलं.

मग काय, वरून हुकूम सुटला. पुलावरून गाड्या माणूस चालतो तेवढ्याच वेगानं न्यायच्या. इंजिनापुढे लाल झेंडीवाला चालायचा आणि मागून मद्रासची मेल नव्या नवरीसारखी पाऊल टाकत यायची. ताडगोळे विकणाऱ्या पोरींची तेवढी चैन झाली. त्या गाडीबरोबर चालत चालत खिडक्याखिडक्यांतून ताडगोळे विकायच्या. बाकी सगळ्या चाळीचा जीव टांगणीला लागला होता.

आणि सगळ्यांत जास्त अच्चायम्माचा. कारण नववा खांब म्हणजे नदीच्या देवीचा, गंगम्माचा खांब, आणि गंगम्माला तिथं बसवलं होतं तिच्या नवऱ्यानं.

पोलय्या ऐन तारुण्यात एका पुरात रंगकामाच्या फळीवरून खाली गेला होता. नवव्या खांबाच्या साखळीला धरून दीड दिवस तो त्या गढूळ पाण्यात लोंबकळत राहिला आणि जिवंत परत आला. मग त्यानं नदीतलाच नारळाएवढा एक गोटा उचलला, त्याला हळद फासली, डोळे काढले आणि नवव्या खांबाच्या माथ्यावर, दोन गाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला. दर शुक्रवारी तो बायकोला घेऊन पुलाच्या कडेच्या फळ्यांवरून चालत तिथं जायचा. कठड्यापासून सात पायऱ्यांची लोखंडी शिडी खांबाच्या माथ्यावर उतरते. उतरून तेलात खललेल्या कुंकवानं तो एक रेघ ओढायचा. गाळ्याच्या लोखंडी पायापासून सुरू करून सरळ खाली, त्याच्या बुडाशी दगडात बसवलेल्या पत्र्यापर्यंत.

"हे कसलं कुंकू?" नवी नवरी असताना अच्चायम्मानं विचारलं होतं. "देवी तिकडे, आणि रेघ लोखंडाला?"

"दुपारी बघ," पोलय्या म्हणाला होता.

दुपारी ती रेघ मोडलेली होती. वरचा अर्धा भाग करंगळीएवढा बाजूला सरकला होता.

"कोणी पुसली?"

"कोणी नाही. उन्हात पूल लांब होतो. या पायाखाली लाटण्यासारखे लोखंडी रोलर आहेत, त्यांच्यावरून सरकतो. रात्री परत येतो."

"थापा!"

"थापा तर थापा. जेवायला वाढ."

पुढे पुढे रेघ ओढायचं काम त्यानं तिच्यावरच सोपवलं. "तुझा हात सरळ आहे," म्हणाला. ती सकाळी रेघ ओढायची आणि दुपारी तो खाली उतरून बघायचा, "चाललं" म्हणायचा आणि जेवायला बसायचा. बघितल्याशिवाय कधी जेवला नाही. पंचवीस वर्षं हे चाललं.

तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तो गेला त्या वर्षीच्या दसऱ्याला गँगनं आपसांत ठरवून मिस्त्रीच्या नावानं गंगम्माला सिमेंटचा ओटा बांधला. दुसऱ्या दसऱ्याला त्यावर आणखी एक थर चढवला, तिसऱ्याला पांढऱ्या फरशा बसवल्या. मागे काही राहू नये म्हणून दरवर्षी काहीतरी होतच गेलं. आणि मग एका शुक्रवारी अच्चायम्मानं ओढलेली रेघ मोडलीच नाही. पुढच्याही शुक्रवारी नाही. ती नंतर कधीच मोडली नाही.

गँगनं खांबाला हात लावून नमस्कार केला. सगळ्या पुलाला ऊन लागतं, पण नववा हलत नाही! पोलय्या मिस्त्री गंगम्माच्या पायाशी बसून पूल धरून ठेवतोय, असं गँग म्हणायला लागली, मग चाळ म्हणायला लागली, आणि मग घाटावरचे नावाडीही. अच्चायम्मानं ते मनाशी घट्ट धरलं. माणूस गेला, तरी दर शुक्रवारी त्याच्या हाताची खूण मिळत होती. त्या एका रेघेवर तिनं वैधव्याची वर्षं ताठ मानेनं काढली.

शुक्रवारी सकाळी पुलाचे निरीक्षक चलपतिराव ट्रॉलीवरून आले. डोक्यावर खाकी टोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, माणूस जाडजूड पण मनानं वाईट नाही. नवव्या खांबापाशी ट्रॉली थांबवून त्यांनी टोपी काढली आणि वरूनच हात जोडले. मग गवरराजूकडे वळले.

"रोलरना ग्रीस कधी घातलं होतंस?"

"ग्रीस, साहेब?" गवरराजूनं मान खाजवली. "नवव्याला आम्ही ग्रीस घालत नाही."

"काय?"

"तूप घालतो. गायीचं."

मागे उभी असलेली गँग अभिमानानं जरा पुढे सरकली. चलपतिरावांनी डोळे मिटले. "सोमवारी मद्रासहून मोठा इंजिनियर येतोय. त्याला हे तूप मी कुठल्या रकान्यात दाखवू? ऐक. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर तू मिस्त्रीचा साधा खलाशी मजूर होशील आणि ही चाळ सोडून कुठल्या तरी जंगलातल्या मोरीच्या पुलावर जाशील. आणि मी जाईन खडीच्या खाणीवर. दोघं मिळून खडी फोडू."

"साहेब, तुम्ही एकदा खाली उतरून बघता का?" गवरराजूनं विचारलं.

चलपतिरावांनी शिडीकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं. गंगम्मापुढे चामड्याचे बूट घालून उतरायचं नाही, हा नियम. आणि वैशाखात त्या लोखंडावर अनवाणी पाय ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. या दोन्हींच्या मध्ये सापडून गेली पाच-सहा वर्षं ते नवव्या खांबाच्या पुढे वरूनच 'समाधानकारक' असं लिहीत आले होते. आजही ते नुसतं म्हणाले, "मी काय बघणार? तुम्ही रोज बघताच आहात." आणि ट्रॉली पुढे गेली.

गँगला कारण सापडलंच होतं. गेल्या दसऱ्याला गवरराजू तापानं पडला होता आणि ओट्यावरचा नवा थर राहून गेला होता. गंगम्मा रुसली, दुसरं काय? बोकड ठरला, सिमेंटची दोन पोती आली, रविवारी सकाळी थर चढवायचा असं ठरलं.

त्याच शुक्रवारी सकाळी अच्चायम्मा आपली रेघ ओढायला गेली. येसुरत्नम तिथं भेगेखाली लाकडी ठोकळे बसवत होता. पोलय्याचा जोडीदार, आता केस पांढरे झालेले. गळ्यात क्रूस होता, पण गंगम्माच्या नारळाची वर्गणी त्यानं कधी चुकवली नाही.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचार."

"एवढ्या खांबांत न हलणारा हा एकच. आणि बार होतो तोही त्याच ठिकाणी."

अच्चायम्माचा हात थांबला. "तुझ्या पाद्र्याला विचार जा."

"त्याला विचारून काय उपयोग? त्याच्याकडे रेघ कुठाय?"

"मग गप्प बस आणि ठोकळे बसव."

घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात येसुरत्नमला बोलत होती. आंब्याच्या लोणच्याचे दिवस होते. अंगणात मोहरीची पूड, लाल तिखट, तेलाची बरणी मांडून ठेवली होती. ती कैऱ्या फोडायला बसली, तरी बोलत होती. या माणसाला एवढ्या वर्षांत सुचलं नाही ते आज सुचलं! एक कैरी फोडली, दुसरी फोडली, आणि तिसरीवर सुरी तशीच राहिली.

पोलय्या दुपारी रेघेकडे बघून "चाललं" म्हणायचा. काय चाललं? ती मोडलेली बघून त्याला बरं वाटायचं. ती मोडली की तो जेवायचा. मग ज्या दिवशी मोडली नसती त्या दिवशी तो काय म्हणाला असता? अच्चायम्मानं खूप आठवून पाहिलं. आठवेना. त्याच्या हयातीत तसं एकदाही झालं नव्हतं.

"अत्तय्या, कैरी काळी पडेल," सून म्हणाली.

"तू फोड," अच्चायम्मा उठली. "मला कुंकू खलायचंय. बरंच."

शनिवारी पहाटे, लोखंड गार होतं तेव्हा, तिनं तीन रेघा ओढल्या. एक आठव्या खांबावर, एक नवव्यावर आणि एक दहाव्यावर. आठव्या-दहाव्याच्या शिड्या ती जन्मात पहिल्यांदा उतरली. तिथं ना देवी ना ओटा. नुसतं ग्रीस माखलेलं उघडं लोखंड. तिथले रोलर तिनं वाकून पाहिले. पाच लाटणी, शेजारी शेजारी, चकचकीत.

दुपारी तिनं पायांना ओलं गोणपाट बांधलं, पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला आणि पुन्हा निघाली. खाली वाळूत गँग जेवत होती. "अम्मा, भोवळ येईल!" कोणीतरी ओरडलं. तिनं हातानंच त्याला गप्प केलं.

आठव्यावरची रेघ मोडली होती. करंगळीएवढी. तिनं करंगळी लावूनच बघितली.

नववा वगळून ती आधी दहाव्यावर गेली. तिथंही तेवढीच मोडलेली.

मग नववा. रेघ सरळ, फुटपट्टीनं ओढल्यासारखी. इकडे लोखंडी पाय, पुढ्यात पांढऱ्या फरशीचा ओटा, आणि लोखंड त्या ओट्याला नाक टेकून उभं. मध्ये दोरा शिरायला जागा नव्हती. तिनं पदराची घडी करून लोखंडावर हात ठेवला. आतून ते थरथरत होतं. दावं ओढणाऱ्या गाईची मान जशी थरथरते तसं.

अच्चायम्मा शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली. खाली नदीचा चिंचोळा प्रवाह उन्हात लखलखत होता. पोलय्यानं पूल धरून ठेवला नव्हता तर. तो दर शुक्रवारी येऊन पूल मोकळा आहे ना, तेवढंच बघत होता. ती ज्याला पूजा समजत होती ती त्याची तपासणी होती. आणि इतकी वर्षं ती ज्याला त्याचा हात समजत होती तो सिमेंटचा ओटा होता. तिनं गंगम्माच्या डोळ्यांकडे पाहिलं. "तू तरी सांगायचंस," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले, पाय आखडून घेतले आणि उठली, कारण गोणपाट वाळायला लागलं होतं.

वाळूत उतरून ती जेवणाऱ्या गँगच्या मधोमध उभी राहिली.

"उद्या थर चढवायचा नाही," ती म्हणाली. "ओटा फोडायचा."

गवरराजू हसला, कारण त्याला वाटलं आईला ऊन लागलं. "अम्मा, सावलीत बस. ताक घे."

"ताक नंतर. पूल लांब व्हायला बघतोय आणि आपण त्याच्या पुढ्यात भिंत घातलीय. तो रोज दुपारी धडक मारतो. मारून मारून दगड फुटला. गंगम्मा रुसलेली नाही, तिचं घर पुलाच्या वाटेत आलंय."

"नान्नांचा ओटा आहे तो, अम्मा."

"तुझ्या नान्नानं एक गोटा ठेवला होता. ओटा तुम्ही बांधलात."

एकानं घाबरत घाबरत म्हटलं, "देवीच्या ओट्यावर पहार घालणाऱ्याचा हात सडतो म्हणतात."

"मग पहिली पहार माझी," अच्चायम्मा म्हणाली. "माझा हात सडू दे. नाहीतरी लोणचं सूनच घालतेय."

येसुरत्नम खो खो हसला. बाकी कोणी हसलं नाही. सगळे गवरराजूकडे बघत होते. गवरराजू उठला, आठव्या खांबाची शिडी चढला. मग दहाव्याची. बऱ्याच वेळानं खाली आला तेव्हा त्याच्या करंगळीला कुंकू लागलं होतं.

"साहेबांना विचारायला पाहिजे," तो हळूच म्हणाला.

चलपतिरावांच्या बंगल्यावर दोघं संध्याकाळी गेले. सगळं ऐकून साहेबांनी पंख्याखालची खुर्ची आणखी पंख्याखाली ओढली.

"अच्चायम्मागारू, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण कागदावर मी काय लिहू? देवीला हलवली? उद्या शंभर माणसं माझ्या दारात येतील. आणि समजा, ओटा फोडला आणि बार थांबला नाही तर?"

"तर लागोपाठ तीन रविवार गंगम्माला बोकड माझ्या घरचा, आणि गावाला सांगेन, अच्चायम्माला वेड लागलं होतं. वेड्या बाईला कोणी नोटीस देत नाही, साहेब. तुम्ही फक्त सकाळची मालगाडी अर्धा तास थांबवा."

चलपतिरावांनी गाड्यांचं वेळापत्रक पुढे ओढलं. "अर्धा तास थांबवता येईल," ते म्हणाले. "इंजिनाला पाणी भरायला तेवढा लागतोच कधी कधी."

"आणि फोडायचं ते पहाटे," अच्चायम्मा दारातून वळून म्हणाली. "गारव्यात पूल आखडतो. तेव्हा ओट्यावरचा त्याचा रेटा कमी असेल."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं होतं एकानं. मला थापा वाटल्या होत्या."

रविवारी उजाडता उजाडता नवव्या खांबावर सगळी गँग जमली. पहारी, छिन्न्या, दोन जॅक, रॉकेलचा डबा. पण सगळे शिडीच्या वर. अच्चायम्मा एकटी खाली उतरली. तिच्या काखेत टोपली होती आणि टोपलीत नवं पातळ पसरलेलं होतं. गंगम्माला हळद लावून, चलिमिडीचा गोड गोळा ठेवून ती म्हणाली, "चल बाई, थोडा वेळ बाहेर बस. घर झाडायचंय." आणि लेकुरवाळीनं मूल उचलावं तसा तिनं तो गोटा उचलून टोपलीत ठेवला. टोपली वर येसुरत्नमकडे दिली.

"माझ्याकडे?" तो गोंधळला.

"तुझ्याकडे. बाकीचे थरथरताहेत, पाडतील."

मग तिनं पहार उचलली. पहिला घाव फरशीवरून घसरला. दुसऱ्यानं फरशीचा टवका उडाला. तिसऱ्यानंतर ती धापा टाकत थांबली, आणि सगळ्यांना दिसेल असा आपला उजवा हात वर करून, बोटं हलवून दाखवली.

"आहे जागेवर. या आता."

गवरराजू उतरला. मग एकेक करून सगळेच उतरले. आणि एकदा घाव बसायला लागले तसे ते असे बसायला लागले, की नऊ वर्षांची भक्ती घटकाभरात टोपल्या टोपल्यांनी नदीत गेली.

ओटा निघाला तरी रोलर दिसेनात. तिथं होता एक काळा, दगडासारखा गोळा: तूप, कुंकू, उदबत्त्यांची राख, नारळाच्या शेंड्या, कबुतरांची घाण, सगळं मिळून घट्ट झालेलं. येसुरत्नम टोपली मांडीवर घेऊन वरून वाकून बघत होता. "नैवेद्यानंच घसा चोंदलाय बिचाऱ्याचा!" तो म्हणाला. गवरराजूनं जॅक लावला, गाळा केसभर उचलला. रॉकेल ओतून, छिन्नीनं खरवडून पाचही लाटणी मोकळी केली. ती निघाली तेव्हा काळी होती, पुसल्यावर चकाकली.

"अम्मा, हे बघ," गवरराजू एकदम म्हणाला.

पायाखालचा पत्रा आता स्वच्छ झाला होता. त्यावर कानशीनं कोरलेल्या बारीक खाचा होत्या, एका ओळीत, जेमतेम चार बोटांच्या अंतरात. एका टोकाच्या खाचेपाशी छोटा चंद्र कोरलेला होता आणि दुसऱ्या टोकाच्या खाचेपाशी सूर्य. पोलय्याला लिहिता येत नव्हतं.

अच्चायम्मा वाकली. चंद्राजवळच्या खाचेत अजून जुनं कुंकू वाळून बसलेलं होतं. ती रेघ नेमकी याच ठिकाणी आणून टेकवायची, असं तो तिचा हात धरून तिला शिकवायचा. "इथं. इथंच." तिला वाटायचं, नवरा लाडानं हात धरतोय. ते खोटं नव्हतं, पण खाचही खोटी नव्हती. तिनं बोटानं सगळ्या खाचा चाचपून पाहिल्या, चंद्रापासून सूर्यापर्यंत, आणि मग मुलाला म्हणाली, "मी असताना शिकून घे. इथं काय लिहिलंय ते."

तिनं कुंकू घेतलं आणि लोखंडी पायावरून सरळ खाली, चंद्राच्या जवळच्या खाचेपर्यंत रेघ ओढली.

त्या दुपारी कोणी जेवलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. लोखंड तापलं. चाळीतल्या बायका छत्र्या आणि सुपं डोक्यावर धरून वाळूत उभ्या होत्या. ट्रॉलीवरून चलपतिराव आले आणि शिडीपाशी थबकले. अच्चायम्मा खालूनच म्हणाली, "बूट घालून या साहेब, पाय भाजतील. देवी बाहेर बसलीय, ती काही म्हणत नाही. इथं वाकून बघा."

साहेब बुटांसकट उतरले. गेल्या कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ते नवव्या खांबाचे रोलर बघत होते.

आधी नुसती एक कुरकुर ऐकू आली, म्हातारं माणूस झोपेतून उठताना करतं तशी. मग एक लांब उसासा. बार नाही. पाच लाटणी सगळी मिळून इतकी हळू फिरली, की फिरली हे डोळ्यांना कळलंच नाही. कळलं ते रेघेवरून. कुंकवाची वरची अर्धी रेघ खालच्या अर्धीपासून सुटली, सरकत सरकत सूर्याकडे निघाली.

"सरकतोय," चलपतिराव पुटपुटले आणि त्यांनी नकळत टोपी काढली.

सोमवारी मद्रासचा मोठा इंजिनियर आला. त्यानं रोलर पाहिले, भेग पाहिली, दगडाला लोखंडी पट्टा घालायला सांगितला आणि खाचा बघून विचारलं, "हे मोजमाप कोणाचं?" चलपतिराव क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "आमच्या जुन्या मिस्त्रीचं, पोलय्याचं. आणि ती रेघ त्याच्या बायकोची." एवढं त्यांनी केलं, हे अच्चायम्मा त्यांच्या निवृत्तीपर्यंत विसरली नाही, दर उन्हाळ्यात लोणच्याची एक बरणी बंगल्यावर जायची. दगडाला पट्टा बसला तसा लाल झेंडीवाला घरी गेला, आणि मेल पुन्हा आपल्या जुन्या तोऱ्यात पूल ओलांडू लागली. ताडगोळ्यांच्या पोरी तेवढ्या हळहळल्या.

गंगम्मा परत नवव्या खांबावरच आली. गँग विचारत होती, आता कुठं बसवायची. अच्चायम्मानं खांबाच्या पार कडेला, रोलरपासून चार हात दूर, नुसत्या एका सपाट दगडावर गोटा ठेवला. "इथं सिमेंटचं घमेलं घेऊन कोणी आलं तर मी पायरीवरच बसलेली असेन," एवढंच सांगितलं. दसऱ्याला गँग आली ती ग्रीसचा डबा घेऊन. डब्याला हळदकुंकू लावलेलं होतं. त्याला तिची हरकत नव्हती.

पण त्याआधीचा, तो पहिला शुक्रवार. सकाळी तिनं रेघ ओढली. दुपारी गोणपाट बांधून ती शिडी उतरली, वाकली, करंगळी लावून बघितली. खाली आठव्या खांबाच्या सावलीत गँगनं केळीची पानं मांडली होती. दहीभात होता, नवं लोणचं होतं. पण हात कोणी लावला नव्हता. सगळ्यांच्या माना वर.

"मोडली का, वहिनी?" येसुरत्नम ओरडला.

"मोडली!"

"मग वाढू का?"

अच्चायम्मा शिडीची पायरी धरून उभी होती. पलीकडच्या काठावर मेल पुलावर चढली होती. पहिला, दुसरा, तिसरा.

"वाढ," ती म्हणाली. "चाललंय."